मधली शीर

काबाइग्वानच्या चिरूट कारखान्यात मी वाचून दाखवते.
सकाळी वर्तमानपत्र, जेवणानंतर कादंबरी.
साठ बायका, बारा पुरुष,
आणि दर चौथ्या फेरीला अडखळणारा एक पंखा.
मी उंच स्टुलावर. खाली हात चालू.
ओलं पान मांडीवर घ्यायचं,
मधली शीर शेंड्यापासून अलगद ओढायची,
की उरतात दोन अर्धे, डावा न् उजवा.
पान फाटलं तर पैसे कापतात.

महिनाभर एकच कादंबरी चाललीय.
बंदरातल्या तीन बहिणी.
थोरली आर्कादिया, पाच पोरांची आई,
एकाला हाक मारताना चौघांची नावं घेणारी.
मधली तोमासा. तिची कूस उजवली नाही,
म्हणून लेखकानं तिला शेळ्या दिल्या
आणि देव्हारा.
"या माणसाला कुणी बाई ओळखीची नसावी,"
एदुविहेस म्हणाली.
"माझ्या बहिणीला मूल नाही. शेळ्याही नाहीत.
ती मोटारसायकली दुरुस्त करते."
हसू अर्ध्या दालनातून गेलं, मुकादमापाशी थांबलं.

धाकटी लुस्मिला.
तिला एक मुलगा. पाच महिन्यांचा.

रात्री मी पुढचं वाचून ठेवते नेहमी.
चौदाव्या प्रकरणात ताप येतो.
तिथून पुढे लुस्मिला बाई उरत नाही,
लेखक तिचे केस पांढरे करतो,
तिला किनाऱ्यावर उभी करतो,
आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी
दीपगृहासारखी एकदा दाखवतो.

तिसऱ्या रांगेत सेनाइदा बसते.
अकरा वर्षं झाली. सगळ्यांना ठाऊक आहे,
कुणी बोलत नाही.
ती मिठावरून भांडते, नाचताना पाय तुडवते,
माझी दोन अंडी देणं लागते.
मी दोनशे बारावरून थेट दोनशे पंधरावर गेले.
आवाजसुद्धा बदलला नाही.

हातांचा सळसळाट चालू होता,
त्यात एक जोडी थांबली.
"पान गाळलंस."
"नाही गं."
"काल लुस्मिलाच्या पाळण्याला दोरी होती.
आज त्याच दोरीवर कपडे वाळतायत.
मधे काय झालं?"

मी पंख्याकडे पाहिलं. तो अडखळला.
"वाच," ती म्हणाली.

वाचलं.
ताप, लिंबाचं पाणी, कपाळावर कोबीचं पान,
सुताराचा माणूस, सुतळीनं माप घेणारा
आणि गाठ कुठे मारावी हे न कळणारा.
मग किनारा. मग वेड.
कुणी चाकू फळीवर आपटला नाही,
एरवी आवडलं की आपटतात.

सेनाइदानं नवं पान मांडीवर पसरलं.
"ताप बरोबर लिहिलाय," ती म्हणाली, "सुतळीही.
वेडाचं त्याला काही ठाऊक नाही.
चौथ्या दिवशी मी इथेच होते, याच फळीवर.
दूध थांबत नव्हतं. ब्लाउज भिजला.
मुकादमाला वाटलं, पानांचं पाणी.
ओरडला, नीट निथळून घेत जा म्हणून.
मी म्हटलं, घेते."

तिनं शीर ओढली.
एका ओढीत, न फाडता.
"पुढे वाच. शेळ्यांचं काय झालं?"

दुसऱ्या दिवशी पुस्तकात, त्याच पानाशी,
खुणेला एक वाळलेली शीर होती.
कुणी ठेवली, मी विचारलं नाही.

आता प्रत्येक प्रकरण संपताना
लेखक लुस्मिलाला वाऱ्यात नेऊन उभी करतो,
शाल फडफडते, लाटा येतात,
मी तेवढ्यापुरता आवाज खाली आणते,
तर तिसऱ्या रांगेतून कुणीतरी,
हातातलं काम न थांबवता,
खेकसतं:
"घरी जा गं बाई. भात करपेल."
आणि साठही चाकू
एकदम फळीवर आपटतात.